बिनडोळ्यांच्या माश्यांचा सौदा

एका प्राचार्यांनी मला एकदा विचारलं होतं, "माशीला डोळेच नाहीत म्हणता, मग किंमत पूर्ण कशी? एक अवयव कमी आहे, तेवढं कमी करा." मी म्हणालो, "साहेब, बिनबियांची द्राक्षं घेताना बियांचे पैसे वजा करून देता का?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पूर्ण किमतीवर सही केली. आयुष्यात जिंकलेल्या सौद्यांपैकी हा मला सगळ्यात आवडतो. जो सौदा मी जिंकूनही हरलो, तोही याच माश्यांचा. तो अजून झोंबतो, म्हणून तोच सांगायला बसलोय.

माझा धंदा बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवण्याचा. परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक, रसायनं, प्लास्टिकचा मानवी सांगाडा, आणि जिवंत माल म्हणजे फळमाश्या. पिकलेल्या केळ्याभोवती जी बारीक चिलटं घोंगावतात, तीच ही. विज्ञानवाल्यांचा हिच्यावर जीव, कारण हिची एक पिढी पंधरवड्याच्या आत उरकते. आजोबापासून पणतूपर्यंतचा वंश पोराला एका सत्रात डोळ्यांसमोर बघायला मिळतो. माझ्याकडे पांढऱ्या डोळ्यांच्या होत्या, पिवळ्या अंगाच्या होत्या, आखूड पंखांच्या होत्या. सगळ्यात मानाची बिनडोळ्यांची. डोक्याच्या दोन्ही बाजूंना जिथं लालभडक डोळा असतो, तिथं सपाट जागा. काहींना एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढा डोळा असायचा, पण तेवढं चालतं.

माश्या पाळणं म्हणजे स्वयंपाक आहे. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि आगर शिजवून घट्ट खीर करायची, बाटलीच्या तळाला ओतायची, वर कापसाचा बोळा. दर काही दिवसांनी नवी बाटली घेऊन जुनी तिच्यावर पालथी धरायची, तळव्यानं ठोकायची, की माश्या खालच्या घरात जातात. वेळ चुकली की वंश बुडाला. बायको म्हणायची, "माश्यांना रोज गोडधोड, आन् घरात सणासुदीला." खरं होतं ते. गूळ निवडायला मी स्वतः गुऱ्हाळावर जायचो. रसायन मारलेला गूळ मला चालत नसे. गुऱ्हाळवाल्याला वाटायचं, मी फार पथ्य पाळणारा माणूस आहे.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मीही कोयता धरला. फडातले बेडूक पकडून कॉलेजांना विकणारा एक व्यापारी होता, त्याच्या हाताखाली लागलो, धंदा शिकलो आणि त्याच्याशीच भांडून वेगळा झालो. डोकं तापट. भाव करताना ते कामाला येतं, इतर वेळी नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. आष्टीकडच्या एका प्रयोगशाळा सहायकानं माश्या परत पाठवल्या, "मेलेला माल दिला" म्हणून. चौकशी केली तेव्हा कळलं, एसटीच्या ड्रायव्हरनं खोकं इंजिनाच्या झाकणावर ठेवलं होतं आणि वर आपला डबा ठेवला होता, गरम राहावा म्हणून. दुसऱ्या एका कॉलेजात तपासणी समिती यायची होती, तर शिपायानं आदल्या दिवशी अख्ख्या प्रयोगशाळेत ढेकणाचं औषध फवारलं. मी विचारलं, "काऊन फवारलं?" तो म्हणाला, "शेठ, लई माश्या झालत्या."

आता मूळ गोष्ट.

दुष्काळाचं वर्ष होतं. कारखान्याचा पट्टा आधीच पडला होता, म्हणजे गाळप बंद झालं होतं, मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या होत्या, गावोगाव टँकर आणि चारा छावण्या. माझ्या दुकानामागच्या खोलीत कूलर होता, पण कूलरलाही पाणी लागतं. उकाडा एका हद्दीपलीकडे गेला की माशी मरत नाही लगेच, पण नर निकामी होतात, अंडी फुकट जातात. जाती वाचवायच्या म्हणून मी ओल्या गोणपाटात बाटल्या गुंडाळल्या आणि पिण्याच्या पाण्यातलं पाणी त्यांच्यावर शिंपडलं. घरच्यांनी मला काय काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. मानाच्या बाटल्या खाली, साध्या जंगली माशीची बाटली सगळ्यात वरच्या फळीवर. ती मेली. मी हळहळलोही नाही. जंगली माशी काय, केळं ठेवलं की येते.

त्याच उन्हाळ्यात खरेदीची बैठक लागली. आमच्या भागात जो साखर कारखान्याचा अध्यक्ष, तोच शिक्षण संस्थेचा अध्यक्ष. संस्थेच्या सगळ्या कॉलेजांसाठी माल कुणाकडून घ्यायचा, हे कारखान्याच्या सभागृहात ठरायचं. विज्ञानाचे सगळे विभागप्रमुख, सगळे पुरवठादार, शिवाय चहासाठी आलेले संचालक. हॉल गच्च. तिथं प्राणिशास्त्राचे प्रमुख लोहारे सर उभे राहिले. त्यांच्या हातात माझी बाटली.

"अध्यक्षमहोदय, या बाटलीवर लिहिलंय, डोळे नसलेल्या माश्या. आमच्या पोरांनी भिंगाखाली धरल्या, तर माश्या पोरांकडं टकामका बघायल्यात!"

हॉल हसला. संचालक सगळ्यात जास्त हसले, कारण त्यांना विषय आता कळला होता.

"हा माणूस केळ्यावरची चिलटं धरतो, बाटलीत भरतो आन् आपल्याला विकतो. याला चोरी म्हणतात."

मी उठलो. "सर, शब्द मागं घ्या."

"आधी माल मागं घ्या, मग शब्दाचं बघू."

मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास पडला. त्या वर्षी पाणी सांडणं म्हणजे शिवी देण्यासारखं होतं, त्यामुळे हॉलमधली उरलीसुरली सहानुभूतीही गेली. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या बैठकीपर्यंत याचा निकाल लावा. माल खोटा निघाला, तर संस्थेच्या एकाही कॉलेजात यांचा खडूसुद्धा येणार नाही."

मी तिथंच सूक्ष्मदर्शक मागवला. बाटलीतल्या माश्यांना डोळे होते. थोडेथोडके नाहीत, चांगले वाटोळे, लाल. बाटली कुणीतरी बदलली, अशी माझी खात्री पटली आणि मी ती मोठ्यानं बोलून दाखवली. मग दुकानात येऊन माझ्या स्वतःच्या फळीवरची बाटली उघडली. तिच्यातही तेच. बाटल्या मी न चुकता बदलत होतो. पालथी घालायची, ठोकायची, बोळा लावायचा. एकेका माशीचं तोंड कोण बघतो? बाटलीवरचं नाव वाचायचो, तेवढंच.

तोटा परवडला असता. पण "चोर" हा शब्द भरल्या हॉलमध्ये पडला होता. उसाच्या फडातून उठून आलेल्या माणसाकडं नाव सोडून भांडवल काय असतं?

दुसऱ्या दिवशी शबाना मॅडम दुकानात आल्या. लोहारे सरांच्याच विभागात शिकवायच्या आणि माशीचा डोळा अळीच्या पोटात कसा घडतो, यावर पीएच.डी. करत होत्या. त्यांची बिनडोळ्यांची माशी माझ्याच बाटलीतून गेलेली. माझा माल खोटा ठरला, तर त्यांची सगळी वर्षं पाण्यात. मी लोहारे सरांच्या नावानं सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं, पंख्याखाली खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "भाऊ, ओरडून झालं असेल तर सांगू का?"

"सांगा."

"माश्या तुमच्याच आहेत. बदललेल्या नाहीत. त्यांना डोळे आलेत."

"असं कुठं असतं? बाप आंधळा, आजा आंधळा, पणजा आंधळा, आन् पोरगं बघायला लागतं?"

"असतं. डोळा घडवायला एक मुख्य जनुक लागतं. तुमच्या माशीत ते बिघडलेलं आहे, आजही बिघडलेलंच आहे. पण डोळा काही एका जनुकाचं काम नाही, खाली शेकडो राबतात. प्रत्येक पिढीत ज्या माशीला थोडासा का होईना डोळा आला, तिला जोडीदार लवकर मिळाला, तिची अंडी जास्त. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की बाकीची जनुकं जुळवून घेतात आणि मुख्य नसतानाही डोळा उभा करतात. पुस्तकात वाचलं होतं. आपल्या बाटलीत होईल असं वाटलं नव्हतं."

मला अर्धं कळलं, अर्धं पटलं नाही. "मग लोहारे सरांना सांगा की."

"सांगितलं. म्हणाले, सिद्ध करा." त्या पुढं झुकल्या. "जंगली माशीशी संकर करायचा. नवं रक्त आलं की आतली जुळवाजुळव विस्कटते. दुसऱ्या पिढीत बिनडोळ्यांच्या परत निघाल्या, तर माल खरा. नाही निघाल्या, तर दोघं मिळून केळी विकू. मला फक्त दोन गोष्टी द्या, थंड जागा आणि जंगली माशी."

थंड जागा आधी शोधली. अख्ख्या टापूत थंडावा एकाच ठिकाणी होता, सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात. जनावरं आटली होती, दूध निम्म्यावर आलं होतं, टाक्यांशेजारची एक खोली रिकामी पडली होती. तिथले व्यवस्थापक तात्या. मी माश्यांचं नाव काढताच त्यांनी कानाला हात लावले.

"दूध संघात माश्या? शेठ, डोकं फिरलं का तुमचं? लोकं अंगावर येतील."

"पेटीत असतील. लोखंडी पेटी, कुलूप, वर चादर."

"न्हाई म्हणजे न्हाई."

भाव करताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघायचं नाही, खोलीकडं बघायचं, हा माझा नियम. मी खोली बघितली. दुधातली स्निग्धता मोजायचं यंत्र कोपऱ्यात धूळ खात होतं, आणि टेबलावरच्या दुग्धमापकाला तडा गेलेला.

"तात्या, फॅट कशावर मोजता सध्या?"

"अंदाजानं," तात्या पुटपुटले.

"अंदाजानं! म्हणजे गवळी रोज भांडत असतील."

तात्यांनी सुस्कारा सोडला. यंत्र दुरुस्त, मापकं नवी, काचेच्या नळ्या माझ्याकडून, आणि बदल्यात पेटीला जागा. तात्यांनी शेवटी एक अट घातली, पेटीवर काहीही लिहायचं नाही. मी म्हणालो, कबूल. लिहिलेल्या नावाचा तसाही मला वीट आला होता.

आता जंगली माशी. केळ्याची फोड बाटलीत घालून मी दुकानाच्या दारात ठेवली. केळं काळं पडलं, वाळलं, लाकूड झालं. एक माशी आली नाही. फळं नाहीत, ओल नाही, सडायलाही पाणी लागतं. बसस्थानकाजवळच्या रसवंतीवर काही चिलटं मिळाली, ती घेऊन मी धावत मॅडमकडं गेलो. त्यांनी ईथरची भूल दिली, भिंगाखाली धरली आणि मान हलवली. "आपल्या नराच्या पुढच्या पायावर कंगव्यासारखे छोटे केस असतात. यांचे वेगळे आहेत. ही दुसरी जात, भाऊ. यांचं आपल्यात लग्न जमत नाही."

जन्मभर जी चीज मी फुकटातली समजलो, तीच मिळेना. मेलेल्या जंगली बाटलीची तेव्हा मला खरी हळहळ वाटली.

मग डोक्यात आलं, आज जिल्ह्यात गोड आणि ओलं एकत्र कुठं असेल? छावणीत. सरकारी पैशावर एका सहकारी सोसायटीनं चकलांब्याकडं छावणी घातली होती. तिथं बाहेरच्या जिल्ह्यातून ऊस यायचा, यंत्रावर त्याची कुट्टी व्हायची, आणि कडब्यावर मळीचं पाणी शिंपडायचे, जनावरानं तोंड लावावं म्हणून. मी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन गेलो.

स्वच्छ शर्ट, हातात पिशवी, खिशाला भिंग. छावणीचालकानं दुरूनच बघितलं आणि पळत आला. "साहेब, या या! जनावरं सगळी जाग्यावर हायेत. कानातले बिल्ले बघा, मोजून घ्या." त्याला वाटलं, मी तपासणीला आलोय. मागून आवाज उठला, "आरं, त्या वासराला हिकडं आण, हिकडं!" एकच वासरू मला दोन ठिकाणी दिसलं, पण ते माझं काम नव्हतं.

"मी जनावरं मोजायला आलो नाही. मला माश्या पाहिजेत."

शेजारच्या दावणीला दोन बैलांपाशी बसलेली एक म्हातारी खदखदून हसली. "सरकार आता माश्या बी मोजाया लागलं व्हय गं बाई!"

ही गयाबाई. उन्हानं रापलेली, दातांत मिश्री, ऊसतोडीत उभी हयात गेलेली. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. "मावशी, मोठ्या माश्या नकोत. बारीक, तांबूस, गोडावर बसणाऱ्या."

"चिलटं म्हण की मंग. माश्या माश्या काय लावलंय?" तिनं हनुवटीनं दाखवलं. "त्या कुट्टीच्या ढिगामागं मळीचं पिंप कलंडलंय. तिथं ढगच्या ढग हाय. पर तुला काऊन पायजेत, ते सांग आधी. फुकट न्हाई द्यायची."

माझ्याशी भाव करणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. मी सगळं सांगितलं. आंधळी माशी, तिला आलेले डोळे, लोहारे सर, हॉल, चोर. ती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती.

"म्हणजे डोळा बनवणारा एक मोठा हाय, आन् त्योच बिघडलाय?"

"होय. बाकीचे राबणारे आहेत, पण हुकूम देणारा नाही."

"मुकादम न्हाई म्हण की."

"मुकादमच."

"आरं मंग त्यात काय नवल? एका साली आमचा मुकादम उचलीचं पैसं घिऊन पळाला. कारखान्यावर आमी तशीच. पयले काई दिस नुसता गोंधळ. कुनी कुठला फड धरावा, गाडी कवा भरावी, काय न्हाई. मंग बसलं हळूहळू. कुनी गाडीवाल्याशी बोलाया लागलं, कुनी मोळ्या मोजाया. पट्टा पडस्तोवर बिनमुकादमाची टोळी मुकादमाच्या टोळीवानी तोडाया लागली." तिनं पिंक टाकली. "पुढल्या साली निम्मी मानसं दुसऱ्या गावची घातली. पुन्ना मुकादम न्हाई, आन् कोन कुनाला वळखत न्हाई. बोंबच झाली सगळी. तोडच हुईना."

मॅडमनी जे पुस्तकातून सांगितलं होतं, ते मला तिथं, शेणाच्या वासात कळलं. आंधळ्या माशीची टोळी मुकादमाशिवाय तोड करायला शिकली होती. आता तिच्यात परक्या गावची माणसं घालायची. तोड मोडली पाहिजे.

"चिलटं ने," गयाबाई म्हणाली. "पर माझी एक अट हाय. डोळं गेलं का न्हाई, ते मला यिऊन सांगायचं. नुसतं घिऊन पळायचं न्हाई, मुकादमावानी."

पिंपामागं खरंच ढग होता. मी केळ्याची बाटली धरली, वरून टॉवेल धरला, आणि छावणीतल्या लोकांनी माझ्याभोवती कडं केलं. एकजण म्हणाला, "काय बे, कुट्टी खाऊन माजल्यात चिलटं बी!" बाटली मॅडमकडं नेली, तर त्यांनी भिंगाखाली बघितलं आणि पहिल्यांदाच हसल्या. कंगवा जागेवर होता.

माझ्या बाटलीतल्या, अजून नराशी संग न झालेल्या माद्या निवडून मॅडमनी छावणीचे नर त्यांच्यात सोडले. पेटी शीतकरण केंद्रात गेली. पहिली पिढी निघाली, तिच्यात एकूण एक माशीला डोळे. पहिल्या पिढीत असंच होतं, बिघडलेलं जनुक चांगल्याच्या आड दडून राहतं. हे मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं पाठ म्हणून दाखवत आलोय. तरी मॅडमना म्हणालो, "आता?" त्या म्हणाल्या, "आता यांचं आपसात लावायचं आणि गप्प बसायचं. जमेल का तुम्हाला?" नाही जमलं, पण लावलं.

गप्प बसायचे दिवस होते, म्हणून मॅडम पेटीपाशी बसून एकेक गोष्ट सांगायच्या. परदेशात कुणी हे मुख्य जनुक माशीच्या पायात चालू केलं, तर पायावर डोळा उगवला. आणि पुढची गोष्ट तर मला थापच वाटली. उंदराचं तेच जनुक माशीत घातलं, तरी डोळा उगवला, आणि तोही माशीचाच. आता मला गयाबाईचं गणित आलं होतं. मुकादम दुसऱ्या जिल्ह्याचा आणला तरी हुकूम तोच, आणि राबणारे कोयते इथलेच. फड चुकला तरी तोड सुरू. मी हे मॅडमना सांगितलं, तर त्यांनी वर्गात तसंच शिकवायला सुरुवात केली.

एके दिवशी तात्या फणफणत आले. दुधाच्या कॅनच्या कडेला त्यांना एक चिलट सापडलं होतं, ते त्यांनी चिमटीत धरून आणलं. "शेठ, पेटी उचला. आत्ताच्या आत्ता."

मी शांतपणे भिंग काढलं. "तात्या, बघा बरं, हिला डोळे आहेत का?"

तात्यांनी बराच वेळ बघितलं. "हायेत. लाल हायेत."

"मग ही माझी नव्हे. माझ्या माशीला डोळे नसतात. अख्ख्या संस्थेत याच्यावरूनच बोंब आहे, विचारा कुणालाही."

तात्या ओशाळले. "तसं हाय का..." म्हणत ते गेले. त्या घडीला माझ्या पेटीतल्या एकूण एक माशीला डोळे होते. मॅडमनी तोंडावर ओढणी धरली होती, आणि त्यांचे खांदे हलत होते.

दुसरी पिढी कोशातून निघाली त्या सकाळी मॅडमनी दूध तपासायच्या टेबलावर पांढरी फरशी ठेवली, माश्यांना भूल दिली आणि रंगाच्या ब्रशानं एकेक सरकवू लागल्या. मी उभा. ही डोळ्यांची. ही डोळ्यांची. हीपण. मग त्यांचा ब्रश थांबला. त्यांनी माशी उलटी केली, सुलटी केली, आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडं सरकवला.

डोक्याच्या या बाजूला काही नाही. त्या बाजूला काही नाही. सपाट.

शेजारची तशीच. पुढची, एका बाजूला टाचणीचं टोक, दुसरीकडं काही नाही. बऱ्याच निघाल्या, साधारण चौथा हिस्सा, जसा निघायला हवा तसा. मी पालथ्या कॅनवर बसलो. उन्हाळाभर छातीवर कुणीतरी बसलं होतं ते उठून गेलं, असं वाटलं. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

तात्या धावत आले. "काय झालं? मेल्या का?"

"नाही तात्या. आंधळ्या निघाल्या."

"आन् तुमी हसायलात?"

मॅडमनी लोहारे सरांना तिथंच बोलावून घेतलं. सर आले, वाकले, बघितलं, पुन्हा बघितलं. "हं," म्हणाले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग "हं". मग मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा माल ओके आहे. चला, चहा घेऊ."

"सर, चहा नको. जे हॉलमध्ये बोललात, ते हॉलमध्ये मागं घ्या."

"घेऊ की. त्यात काय."

पुढची बैठक झाली. मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत. पाण्याच्या टंचाईवर तास गेला, मग सचिवांनी भराभर विषय वाचले. माझा विषय आला, "सदर तक्रार मागे घेण्यात येत आहे, सर्वानुमते मंजूर", आणि त्यांनी पान उलटलं. लोहारे सर खाली बघून पेनाशी खेळत होते. संचालकांनी सवयीनं हात वर केले. माझी मागणी त्या वर्षी दुप्पट झाली. मॅडमच्या मार्गदर्शकांनी तेच निरीक्षण प्रबंधात एक प्रकरण म्हणून घालायला सांगितलं. सगळं मिळालं. चोर शब्द मात्र एवढ्या मोठ्यानं पडला होता, आणि उचलताना कुणाला ऐकूसुद्धा आला नाही.

तसाच पाय आपटत छावणीवर गेलो. शब्द दिला होता. आभाळ अजून कोरडंच होतं, दावणी भरलेल्याच. गयाबाई ओळखून हसली.

"आला का मुकादम! काय झालं?"

"डोळे गेले, मावशी. जशा पाहिजे होत्या तशाच निघाल्या. तुझ्या पुढल्या सालच्या टोळीसारखी सगळी तोड मोडली."

"आन् त्यो मास्तर काय म्हनला?"

"काही नाही. चहा पाजत होता."

ती उठली. कमरेवर हात ठेवून तिनं दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला. तो आवाज मी ओळखतो. फडात गाडी लागली की बायका असाच पुकारा करतात.

"ऐका रं! ह्यो चिलटंवाला बाबा! ह्याला मास्तरानं चोर म्हनला व्हता. त्यो चोर न्हाई. ह्याचा माल खरा हाय! आपल्या छावनीतल्या चिलटांनी शाबित केलंय!"

माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी टाळी वाजवली. कुट्टीचं यंत्र बंद करून एकानं विचारलं, "काय झालं बे?" तर गयाबाईनं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. मी बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

तेव्हापासून मी बिनडोळ्यांची माशी विकण्याआधी तिचं तोंड बघतो, आणि अधूनमधून बाहेरची जंगली चिलटं आत सोडून दुसऱ्या पिढीतल्या आंधळ्या तेवढ्या ठेवतो, म्हणजे टोळीनं फार जुळवून घेऊ नये. आता दुकान पुतण्या बघतो. ही एक जात मात्र मी हाताखालीच ठेवलीय.

लोहारे सर निवृत्त होऊन बीडलाच राहतात, ज्या अंकात हे छापून येतंय तो वाचतात असं ऐकलंय. सर, कारखान्याचं सभागृह अजून उभं आहे. दिवस तुम्ही ठरवा. चहा माझ्याकडून.